‘एम’ म्हणजे म्हैस

दिवाळीच्या आधीचा आठवडा होता. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या दूध संस्थेत मी कॉम्प्युटरसमोर बसलो होतो आणि माझ्यासमोर एक मावशी हातात चिठ्ठी घेऊन उभ्या होत्या. चिठ्ठी फरक बिलाची होती. आमच्याकडं दूध उत्पादकाला वर्षभर दहा-दहा दिवसांनी बिल मिळतं आणि दिवाळीच्या तोंडावर लिटरमागं ठरावीक रक्कम वेगळी मिळते. तिला ‘दूध दर फरक’ म्हणतात. म्हशीच्या दुधाला फरक जास्त, गाईच्या दुधाला कमी. पोरांचे कपडे, फराळाचं सामान, कुणाच्या तरी राहिलेल्या उधारीचा निकाल, हे सगळं त्या पैशावर ठरलेलं असतं.

मावशींनी चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि दोन ओळींवर बोट टेकवलं. वरच्या ओळीत सकाळचं दूध, खालच्या ओळीत संध्याकाळचं.

“बाळ, ह्यो हिशेब तू केलाईस न्हवं? मग मला येवढं सांग. आमची म्हस सकाळी म्हस आन् सांजच्याला गाय हुती व्हय?”

मी बघितलं. सकाळच्या लिटरला म्हशीचा फरक लागला होता आणि संध्याकाळच्या लिटरला गाईचा. फक्त त्यांच्याच नव्हे, गावातल्या प्रत्येक चिठ्ठीत तसंच झालं होतं. म्हैसवाल्यांचे पैसे कमी झाले होते आणि गाईवाल्यांचे वाढले होते. गाईवाल्यांपैकी कुणीही तक्रार घेऊन आलं नव्हतं, हे वेगळं सांगायला नको.

चूक माझीच होती. प्रोग्रॅम माझ्या आधी दोघांनी लिहिला होता. पहिल्यानं सकाळच्या लिटरला ‘एम_लिटर’ आणि संध्याकाळच्या लिटरला ‘ई_लिटर’ असं नाव दिलं होतं. मॉर्निंग आणि इव्हनिंग. (नावं अर्थातच रोमन अक्षरांत होती, इथं देवनागरीत लिहितोय.) संस्थेत तेव्हा फक्त गाईचं दूध यायचं, त्यामुळं फरकाला नुसतं ‘फरक’ म्हटलं होतं. पुढं म्हशीचं दूध सुरू झालं, तेव्हा दुसऱ्यानं एक नवीन नाव जोडलं: ‘एम_फरक’. त्याच्या डोक्यात ‘एम’ म्हणजे म्हैस. मी तिसरा. वर ‘एम_लिटर’ वाचलं, खाली ‘एम_फरक’ वाचलं, आणि सकाळचा सकाळशी गुणाकार केला. तपासताना उदाहरण घेतलं ते एका म्हशीच्या सकाळच्या दुधाचं. नेमकं तेवढंच उत्तर बरोबर येत होतं.

पैसे दुसऱ्या दिवशी वाटायचे होते, त्यामुळं याद्या बदलता आल्या. पण याद्या सकाळीच फळ्यावर लागल्या होत्या आणि दुपारपर्यंत ‘संस्थेनं म्हशीचं पैसं खाल्लं’ ही बातमी वरच्या आळीपासून खालच्या आळीपर्यंत पोचली होती. ज्या सचिवांनी कित्येक वर्षं एका रुपयाची गडबड केली नाही, त्यांना त्या दिवशी चार लोकांसमोर ऐकून घ्यावं लागलं. माझ्याकडं बघून ते एवढंच म्हणाले, “सर, एका अक्षरानं घात केला बघा.”

मराठी माणसाला एका अक्षरानं होणारा घात नवीन नाही. ‘ध’ चा ‘मा’ आपण शाळेतच ऐकलेला असतो. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यामागं ‘धरावे’चं ‘मारावे’ केल्याची कथा सांगितली जाते. कथा खरी असो नसो, तिनं भाषेला एक वाक्प्रचार दिला. पण त्या कथेत कुणीतरी मुद्दाम अक्षर बदलतं. आमच्या प्रकरणात कुणाचाच हेतू वाईट नव्हता. तिघांनीही आपापल्या परीनं नीटच नावं दिली होती. म्हणूनच तो प्रसंग माझ्या डोक्यातून गेला नाही आणि नावं ठेवण्याचा इतिहास मी शोधत बसलो.

सहा अक्षरांचं घर

प्रोग्रॅमर लोकांची भांडणं बाहेरच्या माणसाला हास्यास्पद वाटतात. ओळ किती जागा सोडून सुरू करायची, कंस त्याच ओळीत टाकायचा की पुढच्या, नावात दोन शब्द आले तर मध्ये खालची रेघ द्यायची की दुसऱ्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं करायचं, यावर लोक वर्षानुवर्षं वाद घालतात. लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स यानं लिनक्सच्या कोडसाठी लिहिलेल्या नियमांची सुरुवातच अशी आहे की आधी दुसऱ्या एका प्रसिद्ध प्रकल्पाचे नियम छापून घ्या आणि ते न वाचता जाळा. अर्थात थट्टेत. पण थट्टेतही धग आहे.

या सवयी बऱ्याचदा मतांतून आलेल्या नसतात, अडचणीतून आलेल्या असतात. १९५७ मध्ये आयबीएमनं ७०४ या मशीनसाठी फोरट्रान ही भाषा दिली. त्या मशीनच्या स्मृतीतला एक घास छत्तीस बिटांचा आणि एक अक्षर सहा बिटांचं. म्हणजे एका घासात सहा अक्षरं. म्हणून नाव जास्तीत जास्त सहा अक्षरांचं. शिवाय आय ते एन यांपैकी एखाद्या अक्षरानं नाव सुरू झालं तर ती पूर्णांक संख्या, नाहीतर दशांशाची, म्हणजे ‘रिअल’. त्यावरून जुन्या प्रोग्रॅमरांचा विनोद आहे: गॉड हा रिअल असतो, जोवर कुणी त्याला पूर्णांक जाहीर करत नाही. आजही लूप लिहिताना आपला हात आपोआप ‘आय’ टाइप करतो. गणितात ते आधीपासून होतं, फोरट्राननं त्यावर शिक्का मारला.

पुढं सी भाषेतही बाहेरच्या नावांची पहिली सहाच अक्षरं जमेस धरली जातील, अशी भीती बराच काळ होती. म्हणून ‘स्ट्रिंग कॉपी’चं ‘स्ट्रसीपीवाय’ झालं. युनिक्समध्ये फाइल तयार करायच्या आज्ञेच्या शेवटी ‘ई’ नाही, ‘क्रिएट’चं स्पेलिंग एका अक्षरानं तोकडं आहे. युनिक्स पुन्हा लिहायची वेळ आली तर काय बदलाल, असं केन थॉम्पसनला विचारल्यावर त्यानं तो ‘ई’ जोडेन असं सांगितलं, ही गोष्ट प्रसिद्ध आहे.

हे वाचताना मला आमच्याकडची मोडी लिपी आठवली. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात करवीर संस्थानच्या मोडी कागदांचे रुमाल आहेत. मोडी लिहिणारा कारकून आधी कागदावर आडवी रेघ ओढून घ्यायचा आणि मग त्या रेघेखाली अक्षरं सलग ओढत न्यायचा. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत. शब्द कुठं संपला, हे वाचणाऱ्यानं ओळखायचं. त्यात वेळ आणि कागद वाचवायला संक्षेप: किल्ल्याला ‘कि’ आणि पुढं दोन दंड, प्रांताला ‘प्रा’ आणि दोन दंड, मुसलमानी चांद्र तारखेच्या आधी नुसता ‘छ’. ज्या फडावर ते कागद लिहिले गेले, तिथल्या माणसाला त्यात काहीच अवघड नव्हतं. रोज शंभर कागद बघणाऱ्याला ‘छ’ दिसला की पुढं तारीख येणार हे माहीत असायचं. आज मोडी शिकणाऱ्याची दमछाक अक्षरांपेक्षा या संक्षेपांनी जास्त होते.

माझ्या आधीचा प्रोग्रॅमर त्या कारकुनासारखाच होता. त्याच्या फडावर ‘एम’ म्हणजे म्हैस हे उघड होतं. फड बदलला आणि अर्थ हरवला.

हंगेरीहून आलेला उपसर्ग

‘एम_फरक’मधला ‘एम’ हा उपसर्ग आहे, आणि उपसर्गांचा एक गाजलेला इतिहास आहे. चार्ल्स सिमोनी हा बुडापेस्टमध्ये जन्मलेला प्रोग्रॅमर. आधी झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात होता, १९८१ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये गेला. त्यानं नावाआधी छोटी अक्षरं लावायची पद्धत काढली. त्याच्या जन्मभूमीवरून तिला ‘हंगेरियन’ म्हणू लागले. हंगेरीत आडनाव आधी आणि नाव नंतर लिहितात, तेही त्या नावात बसून गेलं.

सिमोनीचा हेतू चांगला होता. तक्त्यातली ओळ आणि रकाना दोन्ही संगणकाच्या दृष्टीनं नुसते पूर्णांकच. पण ओळीत रकाना मिळवला तर मूर्खपणा होतो. म्हणून ओळीच्या नावाआधी ओळीची खूण आणि रकान्याच्या नावाआधी रकान्याची खूण लावायची. चुकीची बेरीज डोळ्यांना दिसायला हवी, ही कल्पना. लिटरआधी ‘म्हैस’ आणि फरकाआधी ‘म्हैस’ असं असतं तर माझी चूक मलाच दिसली असती.

पण सिमोनीनं लिहिताना ‘टाइप’ हा शब्द वापरला. त्याला म्हणायचं होतं ‘कशा प्रकारची वस्तू’. पुढच्या लोकांनी त्याचा अर्थ घेतला ‘संगणकाच्या लेखी कोणता प्रकार’, म्हणजे पूर्णांक आहे की अक्षरमाला आहे, एवढंच. मग नावांआधी अशी अक्षरं आली की वाचताना जीभ अडखळावी, आणि ती सांगत होती ते संगणकाला आधीच माहीत होतं. शेवटी मायक्रोसॉफ्टच्याच डॉटनेटच्या मार्गदर्शक सूचनांत ‘हंगेरियन पद्धत वापरू नका’ असं आलं. नावं नीट ठेवायची पद्धत एका शब्दाच्या गैरसमजानं बिघडली, यातला विनोद प्रोग्रॅमरांनाही उशिरा कळला.

साडेतीनशे वर्षांपूर्वीचं रिफॅक्टरिंग

चालू कोड न मोडता त्यातली नावं आणि रचना सुधारणं, याला आमच्या धंद्यात रिफॅक्टरिंग म्हणतात. मराठी मुलखातलं सगळ्यात मोठं रिफॅक्टरिंग १६७४ च्या आसपास सुरू झालं.

शिवाजी महाराजांच्या राज्यात कारभाराची भाषा मराठी होती, पण तिच्यातले कामाचे शब्द बव्हंशी फारसी-अरबी होते. मुजुमदार, सुरनीस, वाकनीस, डबीर, सरनोबत, पेशवा. राज्याभिषेकाच्या वेळी अष्टप्रधानांना संस्कृत नावं मिळाली. पेशव्याचा मुख्य प्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबीराचा सुमंत, सरनोबताचा सेनापती. महाराजांच्या आज्ञेनं रघुनाथ पंडित हणमंते यांच्याकडून ‘राज्यव्यवहारकोश’ तयार झाला. त्यात चौदाशेच्या आसपास शब्द दहा वर्गांत मांडले आहेत: राजवर्ग, कार्यस्थानवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग वगैरे. रूढ शब्द अमुक, त्याच्या जागी संस्कृत शब्द तमुक. एखाद्या मोठ्या कंपनीत नामकरणाचे नियम लिहून काढावेत, तसाच हा प्रकार. फक्त इथं पणाला एका नव्या राज्याची ओळख लागलेली होती.

मग झालं काय? काही नावं टिकली, काही नाही, आणि टिकण्याचा हिशेब फार मजेशीर आहे.

‘मुख्य प्रधान’ कागदावर राहिलं. शिक्क्यांतही राहिलं. पण पुढची शंभर वर्षं लोकांच्या तोंडी आणि आज आपल्या पुस्तकांत राहिले ते ‘पेशवे’च. याउलट ‘अमात्य’ टिकलं, आणि ते आमच्या बाजूला टिकलं. रामचंद्रपंत अमात्य करवीरच्या गादीबरोबर राहिले आणि त्यांचं घराणं गगनबावड्याकडं ‘पंत अमात्य बावडेकर’ म्हणून नांदलं. भोरला ‘पंतसचिव’ टिकले. ‘मुजुमदार’ आणि ‘सुरनीस’ मात्र पदावरून उतरून आडनावं होऊन बसले. जिथं नव्या नावाला घर, जमीन आणि वारस मिळाला, तिथं ते रुजलं. जिथं जुनं नाव रोज हजार तोंडांतून जात होतं, तिथं आज्ञा थकली.

खुद्द रामचंद्रपंतांचं ‘आज्ञापत्र’ बघा. १७१५ च्या सुमाराचं, कोल्हापूरच्या संभाजी छत्रपतींच्या काळातलं. राज्य कसं चालवावं यावरचं ते मराठीतलं सगळ्यात विचारी लिखाण. त्यात ‘दुर्ग’ आहे, तसं ‘वतन’ही आहे आणि ‘आरमार’ही आहे. पहिला शब्द संस्कृत, दुसरा अरबी, तिसरा पोर्तुगिजांकडून आलेला. संस्कृत पदनाम मिरवणाऱ्या माणसालाही जहाजांविषयी सूचना देताना खलाशाला कळेल तो शब्द घ्यावासा वाटला.

शाहूवाडी तालुक्यातला विशाळगड हे आणखी एक उदाहरण. त्याचं आधीचं नाव खेळणा. महाराजांनी १६५९ मध्ये तो घेतला आणि विशाळगड म्हटलं. १७०२ मध्ये औरंगजेबानं फार मोठी किंमत मोजून तो घेतला आणि त्याला ‘सख्खरलना’ असं नवं नाव दिलं. आज ते नाव इतिहासाच्या पुस्तकाबाहेर कुणाला माहीत नाही. बादशहाचा हुकूम होता, पण गडावर पाणी भरणारा, कडबा वाहणारा, घाट चढणारा माणूस ते नाव उच्चारत नव्हता.

राजाराम कॉलेजातला प्राध्यापक

नावांच्या शुद्धतेचा वाद पुन्हा पेटला तो विसाव्या शतकात, आणि त्याचाही एक धागा कोल्हापुरात आहे.

माधव त्रिंबक पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, इथल्या राजाराम कॉलेजात प्राध्यापक होते. फारसीचे जाणकार. मराठीत गझल आणि रुबाई रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा. १९२५ मध्ये त्यांचा ‘फारसी-मराठी कोश’ आला. मराठीत मिसळलेला कोणता शब्द फारसीतून कसा आला, हे त्यांच्याइतकं नेमकं सांगू शकणारी माणसं थोडी होती. त्याच माणसानं पुढं सावरकरांच्या भाषाशुद्धीची बाजू घेतली आणि १९३८ मध्ये ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिलं. ज्याला ‘जुना कोड’ सगळ्यात चांगला कळत होता, तोच तो बदलायला निघाला. प्रोग्रॅमरांच्या प्रत्येक टीममध्ये असा एक जण असतो. त्याच्याशी वाद घालणं सगळ्यात कठीण, कारण त्याला अडाणी म्हणता येत नाही.

सावरकरांनी सुचवलेल्या शब्दांचं पुढं काय झालं, हे तुमच्या खिशातल्या फोनवरही तपासता येतं. कुठलाही सरकारी फॉर्म उघडा. वर उजव्या कोपऱ्यात ‘दिनांक’, त्याखाली ‘क्रमांक’. दोन्ही शब्द त्या चळवळीतून रुळले. आणि आता स्वतःला विचारा, मित्राला फोनवर काय म्हणता? “लग्नाचा दिनांक काय ठरला?” असं कुणी विचारत नाही. ‘तारीख’ ठरते, कोर्टात ‘तारीख’ पडते, पगाराची ‘तारीख’ असते. दोन्ही शब्द जगले, कारण दोघांनी घरं वाटून घेतली. छापील रकाना एकाचा, तोंड दुसऱ्याचं.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० मध्ये भाषा संचालनालय निघालं, पदनाम कोश आला, अधिकाऱ्यांना मराठी नावं मिळाली. पाट्यांवर ‘उपविभागीय अधिकारी’ लागलं. गावाकडचा माणूस आजही ‘प्रांतसाहेबांकडं’ जातो आणि ‘मामलेदार कचेरी’त रांग लावतो. २०२४ मध्ये तलाठ्याचं नाव ‘ग्राम महसूल अधिकारी’ झालं. दाखला कुणाकडून आणायचा असं आमच्या गल्लीत विचारा, काय उत्तर येतं ते बघा.

आणि याच कचेरीतला एक कागद सगळे नियम उधळून लावतो. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा मिळून झालेला ‘सातबारा’. कुठल्याही प्रोग्रॅमिंगच्या पुस्तकात हे सगळ्यात वाईट नाव ठरेल. नुसते आकडे. त्यात जमीन नाही, मालक नाही, पीक नाही. तरी महाराष्ट्रातल्या कुठल्याही शेतकऱ्याला ‘सातबारा’ म्हटलं की काळजात काय हलतं ते कळतं. ‘सातबारा कोरा’ म्हणजे काय, हे त्याला समजावून सांगावं लागत नाही. नाव वर्णन करणारं नसलं तरी चालतं. ज्याला वाचायचंय त्याला त्याचा अर्थ आधीच माहीत असला म्हणजे झालं.

यंत्र काय करतं, काय करत नाही

मग नियम नकोतच का? तसं नाही. ‘दिनांक’ टिकला तो फॉर्मवर छापला गेला म्हणून. प्रोग्रॅमरांनीही हाच धडा घेतला. २००१ मध्ये पायथॉन भाषेसाठी ‘पेप आठ’ नावाचे नियम लिहिले गेले: चार जागा सोडा, नावं छोट्या अक्षरांत लिहून मध्ये खालची रेघ द्या. २००९ मध्ये गूगलची ‘गो’ भाषा आली, तिच्याबरोबर एक अवजार आलं. तुम्ही कसंही लिहा, ते कोड एकाच पद्धतीनं मांडून देतं. ती मांडणी कुणालाच पूर्ण आवडत नाही, पण भांडण मिटतं हे सगळ्यांना आवडतं. कंसांचा वाद चर्चेनं संपला नाही, अवजारानं संपवला.

तसं बघितलं तर तो वादही योगायोगाचाच होता. १९६३ च्या आस्की अक्षरसंचात आज जिथं खालची रेघ आहे, तिथं डावीकडं जाणारा बाण होता. स्मॉलटॉक भाषेनं तो बाण वेगळ्या कामाला लावला, म्हणून तिथं शब्द जोडायला रेघ उरली नाही. मग दुसऱ्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं करायची, उंटाच्या पाठीसारखी पद्धत तिथं रुजली. आपल्या देवनागरीत तर लहान-मोठी अक्षरंच नाहीत, त्यामुळं आपल्याला उंट मिळूच शकत नाही.

‘मग सरळ मराठीतच नावं ठेवू या की!’ असं मला एका मित्रानं सुचवलं. तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. पायथॉन तीनपासून देवनागरी नाव चालतं. मी करून बघितलं. ‘म्हैस_फरक’ झकास चालतं. मग ‘शेतकऱ्याचा_फरक’ लिहिलं आणि गंमत झाली. ‘ऱ्या’ टाइप करायच्या दोन रीती आहेत. एकीत ‘ऱ’ हे वेगळं अक्षर असतं, दुसरीत साधा ‘र’ आणि त्याच्यामागं न दिसणारा एक जोडक असतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पायथॉन पहिलं घेतं, दुसऱ्यावर अडतं. जावास्क्रिप्ट दोन्ही घेतं, पण दोन वेगळी नावं समजून. म्हणजे दिसायला एकच शेतकरी, हिशेबात दोन! ‘एम’ परवडला म्हणायची वेळ.

पेप आठमध्येही एक सूचना आहे: तुमची भाषा न येणारा माणूस हा कोड कधीच वाचणार नाही याची १२० टक्के खात्री नसेल, तर टिपा इंग्रजीत लिहा. सल्ला शहाणपणाचा आहे. फक्त त्यात एक गृहीत आहे की वाचणारा लांबचा असेल. माझा वाचणारा लांबचा नव्हता. तो पंचवीस किलोमीटरवर, संस्थेच्या टेबलाशी होता, आणि त्याला ‘बफेलो डिफरन्शियल’ म्हटलं असतं तर तो माझ्या तोंडाकडं बघत बसला असता.

मला या सगळ्या इतिहासातून जे मिळालं ते एवढंच. मांडणीचे नियम यंत्राकडं सोपवावेत आणि त्यावर रक्त आटवू नये. नाव मात्र कुठलंही यंत्र तपासू शकत नाही. ‘एम_फरक’ पेप आठच्या प्रत्येक कसोटीला उतरतं. छोटी अक्षरं आहेत, मध्ये रेघ आहे, लांबी बेताची आहे. तरी त्यानं एका गावात दिवसभर खळबळ उडवली. नाव शुद्ध आहे का, लांब आहे का, कुणाच्या आज्ञेनं आलंय, यावर ते टिकत नाही. पुढचा वाचणारा कोण, याचा विचार ठेवणाऱ्यानं केला होता का, यावर टिकतं. तो वाचणारा बहुधा घाईत असतो, आणि ठेवणारा तोवर नोकरी सोडून गेलेला असतो.

आमचा कोश

दिवाळी झाल्यावर मी पुन्हा त्या संस्थेत गेलो. या वेळी प्रोग्रॅम उघडला नाही. सचिवांशेजारी खुर्ची ओढली आणि म्हटलं, “अण्णा, तुम्ही रोज जे शब्द वापरता ते सांगा, मी लिहून घेतो.” त्यांना आधी थट्टा वाटली. मग त्यांनी चहा सांगितला आणि सुरुवात केली. संकलन, उत्पादक, फॅट, दरफरक, कपात, अनामत, पशुखाद्य. ‘कपात’ आणि ‘अनामत’ माझ्या प्रोग्रॅममध्ये एकाच नावाखाली होते. त्यांच्या दृष्टीनं ते दोन वेगळे व्यवहार होते: एक गेलेला पैसा, एक परत मिळणारा. म्हणजे ‘एम’सारखा दुसरा सुरुंग आधीच पेरलेला होता, फुटायचा राहिला होता.

ऑफिसात आल्यावर रोमनमध्ये ‘म्हैस’ कशी लिहायची यावर आमच्यात अर्धा तास वाद झाला. तीन माणसांची तीन स्पेलिंगं होती. शेवटी एक ठरवलं आणि कोडच्या फोल्डरमध्ये एक साधी फाइल ठेवली. डावीकडं संस्थेतला शब्द, मध्ये आमचं नाव, उजवीकडं एका ओळीत अर्थ. चाळीसच्या आसपास शब्द झाले. राज्यव्यवहारकोशापुढं अगदीच किरकोळ. पण त्याच्या उलट दिशेनं केलेला: आम्ही शब्द दिले नाहीत, विचारून घेतले.

त्या फाइलमधली शेवटची नोंद मी स्वतः टाकली आहे. नवीन पोरगं कामाला आलं की पहिल्या दिवशी त्याला ती वाचायला लावतो, आणि त्यानं कारण विचारलं तर मावशींची गोष्ट सांगतो. नोंद अशी आहे:

एम – वापरू नये. सकाळ असेल तर सकाळ लिहावे, म्हैस असेल तर म्हैस.